लांगदोकच्या द्राक्षगावातला एक घोट

शीर्षक वाचून दचकू नका. दारूची भलामण करायला मी बसलेलो नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी थेंब घेतलेला नाही, आणि दारूपायी विकलेल्या जमिनी तुमच्यासारख्याच मीही पाहिल्या आहेत. पण द्राक्षे पिकवणाऱ्यांच्या मुलखात जाऊन त्यांच्या मालाची चव न पाहता परतलो, तर मी विस्तार अधिकारी कसला?

हा मुलूख म्हणजे दक्षिण फ्रान्समधला लांगदोक. आपल्याकडच्या बागायतदारांबरोबर ऐन तोडणीच्या सप्टेंबरात मी बेझिए शहराच्या आसपास हिंडलो. जुन्या बागांत मांडव नाही. दगडगोट्यांच्या जमिनीत ठेंगणी झुडपे उभी. उन्हाळा कोरडा. आपण वर्षातून दोनदा छाटतो, ते एकदाच, हिवाळ्यात. खुंट मात्र अमेरिकन! १८६० नंतर फिलॉक्सेरा या मुळे शोषणाऱ्या किडीने तिथल्या बागा बसवल्या. किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमे बांधली, तेव्हा त्या पुन्हा उभ्या राहिल्या. तुमच्या नाशिक-सांगलीकडचा डॉगरिजही अमेरिकन कुळातलाच.

एका गावी सहकारी वाईनघर पाहिले. दारात ट्रॅक्टरांची रांग. थेट आपल्या साखर कारखान्याचा काटा आठवला. ट्रॉलीचे वजन करायचे, रसातली साखर मोजायची, मगच माल हौदात. आत तिथल्या बाईंनी पेल्यात लाल वाईन ओतली. ही त्यांची स्वस्तातली, रोजच्या जेवणातली, परदेशीही जाते. मी संकोचलो. बाईंनी हसून पिकदाणी पुढे सरकवली. जाणकार घोट तोंडात घोळवतात आणि थुंकून टाकतात म्हणे. माझी अडचण सुटली.

आधी आंबूस लागले, मग पिकल्या जांभळासारखा तुरटपणा गालांना चिकटला, शेवटी मिऱ्याचा वास आला. ही एका जातीची करामत नव्हे. कारिन्याँ आंबटपणा देते, ग्रेनाश भरीवपणा देते, सिरा गडद रंग आणि तो मिऱ्याचा वास देते. एखाद्या साली एक जात कमी पडली, तर दुसरी सावरून घेते. ज्वारीत तूर पेरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

माणसांची मोट बांधणे मात्र इतके सोपे नव्हते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथे माल उदंड झाला, त्यात साखर-पाण्याची बनावट वाईन बाजारात आली आणि भाव कोसळले. बेझिएजवळच्या मारोसाँ गावच्या लहान शेतकऱ्यांनी १९०१ साली सहकारी संस्था काढली. १९०७ साली मार्सलाँ आल्बेर या साध्या द्राक्षकऱ्यामागे सारा मुलूख उठला. ९ जूनला माँपेलिए शहरात लाखो माणसे जमली. पुढे नार्बोनला सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसे मेली. त्याच महिन्याच्या अखेरीस भेसळीविरुद्ध कायदा झाला.

आज तिथे निराळेच संकट आहे. फ्रान्समध्ये वाईन पिणारे घटले. २०२४ साली सरकारने बागा कायमच्या उपटण्यासाठी हेक्टरी ४,००० युरो देऊ केले. बाईंच्या भावानेही आजोबांच्या हातची बाग उपटली होती. सांगताना त्यांचा आवाज बसला. आमच्यातले बेदाणा पडून राहिलेले एक बागायतदार नुसती मान हलवत राहिले. भाषा कळत नव्हती, दुःख कळत होते.

निघताना मी विचारले, "इतक्या शेतकऱ्यांचा माल एका हौदात, मग चव कशी राखता?" त्या म्हणाल्या, "ट्रॉली रिती होण्याआधी पाहतो. नंतर पाहून उपयोग नाही. एक नासकी ट्रॉली आत गेली की सगळ्यांचा भाव गेला."

मंडळी, तो घोट मी थुंकला, पण हे वाक्य गिळले आहे. उद्या सकाळी डेअरीत किटली रिती कराल, तेव्हा तो हौद आठवा. आपले दूधही शेजाऱ्याच्या दुधातच मिसळणार असते.