वेबसाइट विकत घेण्याआधी

बडा गणपतीजवळच्या गल्ल्यांत जुनं घर घ्यायचं झालं, तर आमच्याकडचे ज्येष्ठ आधी रजिस्ट्री बघतात, नर्मदेचं पाणी किती वेळ येतं ते शेजाऱ्यांना विचारतात आणि मगच बयाणा देतात. वेबसाइट घेताना मात्र आपली तरुण मंडळी विक्रेत्याने पाठवलेल्या एका स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवतात, हे मी यंदा घरातच पाहिलं.

माझा भाचा पाककृतींची एक चालू मराठी वेबसाइट घेणार होता. किंमत दीड लाख. त्यातले एक लाख ताईच्या मुदत ठेवीचे. "मावशी, आठ वर्षं जुनी साइट आहे, महिन्याला पन्नास हजार लोक येतात," तो म्हणाला. मी म्हटलं, "ठेव मोडण्याआधी दोन रविवार मला दे."

पहिल्या रविवारी इतिहास पाहिला. इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'वर वेबसाइटची जुनी रूपं जपलेली असतात. २००१ पासून ती सर्वांना मोफत पाहता येतात. तिथे दिसलं, की या पत्त्यावर आधी बरीच वर्षं मोबाइलचे रिंगटोन होते. पाककृती आल्या त्या अवघ्या चौदा महिन्यांपूर्वी. म्हणजे नाव जुनं होतं, काम नवं.

मग आकडे. स्क्रीनशॉट फक्त अठ्ठावीस दिवसांचा होता, आणि ते दिवस होते गणेशोत्सवाचे! गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांची माहिती राहते. भाच्याने विक्रेत्याकडे ती फक्त पाहण्याची परवानगी मागितली. आढेवेढे घेत मिळाली. उकडीच्या मोदकांचं एकच पान भाद्रपदात धावत होतं. दिवाळीत थोडी हालचाल, आणि बाकी महिने महिन्याला जेमतेम पाच-सहा हजार लोक. जाहिरातींचं उत्पन्नही त्याच हिशेबाने.

दुसऱ्या रविवारी मजकूर तपासला. पाककृतीतलं एखादं लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधायचं, इतकंच. दहापैकी सहा पाककृती जशाच्या तशा दुसरीकडे सापडल्या, त्याही आधीच्या तारखांच्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कल्पनेला संरक्षण नाही, पण लिहिलेल्या शब्दांना आणि फोटोंना आहे. उसनवारीची अशी साइट घेतली, तर मूळ लेखकाची तक्रार उद्या नव्या मालकाकडेच येणार.

भाच्याने सौदा सोडला. ताईला त्यानेच सांगितलं, "आई, ठेव राहू दे."

पण त्या दोन रविवारांतून त्याच्या हाती काहीतरी लागलं. लोक काय शोधत येतात, ते त्या आकड्यांत दिसलं होतं: मोदकाची पारी का फुटते, साच्याशिवाय कळ्या कशा पाडायच्या. दुसऱ्याच्या कामातून घ्यायचे ते असे प्रश्न. उत्तरं आपली हवीत. शिवाय भुट्ट्याचा कीस, गराडू यांसारखे आपले इंदुरी पदार्थ त्या साइटवर नव्हतेच. आता नवं नाव नोंदवून तो दर शनिवारी आजीजवळ बसतो, प्रमाण वाटीने मोजून घेतो, फोटो स्वतः काढतो. पहिल्या महिन्यात वाचक आले एकशे बारा. त्यातले निम्मे नातेवाईक असावेत, पण आकडा खरा आहे.

तुमच्या घरी कोणी अशी खरेदी करत असेल, तर तीनच गोष्टी विचारा: आधी इथे काय होतं? वर्षभराचे आकडे कुठे आहेत? आणि हे लिहिलं कोणी?