बाबांची लायझनची नोकरी

आमच्या देवासात एकेकाळी दोन राजे होते हे इथल्या बहुतेकांना ठाऊकच आहे. थोरली पाती, धाकटी पाती. एकाच गावात दोन दरबार, दोन दिवाण. त्या काळी मध्य भारतातल्या संस्थानांचे वकील इंदूरला एजन्सीकडे असत. वकील म्हणजे काळा कोटवाला नव्हे. आपल्या दरबाराचं म्हणणं गोऱ्या साहेबाच्या कानावर वेळ बघून घालणारा माणूस. आमची आजी हा शब्द शेवटपर्यंत त्याच अर्थाने वापरायची.

1994 साली बाबा 58 व्या वर्षी रिटायर झाले आणि महिन्याभरात एका कारखान्याने त्यांना 'लायझन'साठी बोलावलं. आजी एवढंच म्हणाली, "म्हणजे वकील की रे. तनखा किती?"

तनखा पेन्शनच्या दुपटीहून जास्त होती. ताईचं लग्न ठरत होतं, वरच्या दोन खोल्यांना प्लास्टर नव्हतं. आईने तर मिस्त्रीला सांगूनही ठेवलं. बाबा ज्या दफ्तरात जमिनीच्या फायली बघत, तिथेच आता कारखान्याची फाईल पुढे सरकवायला जायचं. केंद्रातल्या मोठ्या अधिकाऱ्यांना अशा नोकरीसाठी सरकारची परवानगी लागते. पूर्वी ही अट रिटायर झाल्यावर दोन वर्षं असे, आता एकच वर्ष. बाबांसारख्या बाबूला कोण विचारतंय!

चार महिने गेले. एक दिवस जेवताना म्हणाले, "मी गेलो की तो पोरगा अजून खुर्चीवरून उठतो. 'बैठिए बाबूजी' म्हणतो. मीच काम शिकवलंय त्याला. आज त्याने माझी फाईल न वाचताच वर पाठवली." मग भात कालवत बराच वेळ गप्प. "अगं, त्यांना नियम जाणणारा माणूस नकोच आहे. त्यांना तो उठणारा पोरगा हवाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोकरी सोडली. आई आठवडाभर धुसफुसत होती, आणि तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ताईचं लग्न कर्ज काढून झालं. प्लास्टर व्हायला 2001 उजाडलं.

पुढे संस्थानांविषयी वाचताना बटलर समितीचं प्रकरण सापडलं. संस्थानांचे आणि इंग्रज सरकारचे संबंध तपासायला 1927 मध्ये ही समिती नेमली. राजेलोकांनी तिच्यापुढे आपली बाजू मांडायला कोणाला धरलं, तर सर लेस्ली स्कॉट यांना. हे 1922 मध्ये खुद्द ब्रिटन सरकारचे सॉलिसिटर जनरल होते! पण ते निदान उघड होतं. कोण कोणाचा माणूस ते समोरच्याला दिसत होतं. 'बैठिए बाबूजी' कुठल्या कागदावर लिहिलेलं असतं?

बाबांच्या जागी कारखान्याने दुसऱ्या खात्यातले एक रिटायर साहेब घेतले. ते बरीच वर्षं टिकले. टेकडीवर भेटले की बाबांना नमस्कार करत, बाबाही करत.

तुमच्या घरात कोणी एजन्सीकडे वकील होते का? जुने कागद असतील तर जरूर सांगा.