पाचवी पायरी

२०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. सांगलीच्या गावभागात आमचं जुनं घर. २००५ च्या महापुरात पाणी जिथं येऊन थांबलं, त्या पाचव्या पायरीवर सासऱ्यांनी तांबड्या तेलरंगाची रेघ मारून ठेवली होती. त्या रेघेवर आमची भारी भिस्त!

आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ. पाण्यानं ४५ ओलांडले तसा मोबाइल माझ्या हातातून सुटेना. कोयनेतून इतके हजार क्युसेक, अलमट्टीतून तितके. मी आकडा मोठ्यांदा वाचायची, सगळे गप्प व्हायचे. वारणा खाली हरिपूरला कृष्णेला मिळते, ती फुगली की आमचं पाणी तुंबतं, एवढं ठाऊक होतं. पण त्या क्युसेकच्या आमच्या दारात किती पायऱ्या होतात, हे कोण सांगणार?

मग फोन लावत सुटले. विश्रामबागेतली नणंद म्हणाली, "आत्ताच्या आत्ता इकडं या." तिला पुन्हा फोन केलाच नाही. नवऱ्याचा मित्र म्हणाला, "पाऊस उघडलाय, रात्रीतनं उतरतंय बघा." त्याला तीनदा केला! सासरे तर रेघेकडं बोट दाखवून मोकळे. गव्हाची पोती माळ्यावर चढवली आणि झोपलो.

सकाळी दूध आलं नाही. गवळी आला, रिकाम्या हातानं. गल्लीच्या तोंडाशी घोटाभर पाणी होतं.

"म्हशी रात्रीच मिरजेला हलवल्या, वहिनी."

"कुणी सांगितलं ओ? पाणी कुठवर येणार म्हणतात?"

"पाणी कुठवर येतंय ते मला काय ठावं? टेम्पो कुठवर येतोय ते ठावं हाय. तुमी कशाची वाट बघालाय?"

माझी नजर सासूबाईंच्या वॉकरकडं गेली. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता. गल्लीत रिक्षा अजून येत होती. अर्ध्या तासात निघालो. सासरे कुरकुरत, रेडिओ काखेत धरून.

पाणी ओसरल्यावर परतलो तर चिखलाची खूण खिडकीच्या गजांवर होती. पाचवी पायरी गाळाखाली. सासऱ्यांनी मुकाट्यानं तेलरंगाचा डबा हुडकून काढला. गंजून त्याचं झाकण उघडेना.