एलेकीचा नाद

साठच्या दशकातली जपानी इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली, की आधी बोटांना कळतं: ही आपली मनधरणी करणार नाही. नेक जाडजूड, तारा फ्रेटपासून उंच, आणि सुरात लावली तरी ट्रेमोलोची दांडी एकदा दाबताच सूर हलणार. अंगावर मात्र लग्नघरचा थाट. रेघारेघांची चकचकीत धातूची पट्टी, तीन-तीन, चार-चार पिकअप, प्रत्येकासाठी स्वतंत्र बटण, आणि एका बाजूला चार व दुसऱ्या बाजूला दोन खुंट्या असलेलं भलंमोठं डोकं.

टोकियोत राहायला आल्यापासून मी या गिटारी जमवतो. ओचानोमिझूच्या उतारावर गिटारींची दुकानं दाटीने उभी आहेत. तिथे काचेमागे नामांकित अमेरिकन गिटारी दिमाखात झळकतात. माझे पाय वळतात ते जुन्या सामानाच्या दुकानांकडे. तिथे 'जंक' अशी चिठ्ठी लावलेल्या टेपरेकॉर्डरांच्या रांगेत कधीतरी टेस्को किंवा गुयाटोन या जुन्या जपानी कंपन्यांची एखादी गिटार उभी असते. जंक म्हणजे चालेल न चालेल, तुमचं नशीब. त्या अनिश्चिततेतच अर्धा आनंद आहे.

या गिटारींच्या मागे एक वेड आहे. १९६५ मध्ये व्हेंचर्स या अमेरिकन बँडच्या दौऱ्याने जपानची तरुण पोरं झपाटून गेली. या बँडच्या संगीतात बहुधा शब्दच नसत, त्यामुळे भाषेची अडचण नव्हती. जो तो 'एलेकी', म्हणजे इलेक्ट्रिक गिटार, मागू लागला. त्याच वर्षी आशिकागा शहराच्या शिक्षण मंडळाने शाळकरी मुलांना एलेकीची बंदी केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अभिनेता युझो कायामा सिनेमाच्या पडद्यावर एलेकी घेऊन उभा राहिला. तिकडे अमेरिकेतही घरोघरी बँड निघत होते. एका डॉलरला ३६० येन असा बांधलेला दर असल्याने जपानी गिटार तिथे फार स्वस्त पडे. टेस्को डेल रे, किंग्स्टन, सिल्व्हरटोन अशा नावांनी त्या जहाजं भरभरून गेल्या. मग लाट ओसरली. १९६७ मध्ये टेस्को कावाई कंपनीने विकत घेतली.

पुढे सत्तरच्या दशकात जपानी कारागिरांचा हात इतका बसला, की गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ मध्ये आयबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकी वितरकाला गिटारच्या डोक्याच्या नकलेवरून कोर्टात खेचलं. मात्सुमोतोच्या कारखान्यांतून निघालेल्या त्या गिटारी अप्रतिमच आहेत. पण माझा जीव जडला तो त्याआधीच्या काळावर. गिटार कशी असावी हे अजून पक्कं ठरलेलं नव्हतं, तेव्हा कुणी चित्रकाराच्या रंगपाटीसारखी मे क्वीन नावाची गिटार घडवली, कुणी गिटारच्या पोटातच अ‍ॅम्प आणि स्पीकर बसवला. नक्कल पुरी साधली नाही तिथे या माणसांनी स्वतःचं काहीतरी घातलं. ते मला फार मोलाचं वाटतं.

आवाजाचंही तसंच. गोल्ड फॉइल पिकअपच्या झाकणाखाली सोनेरी कागद चमकतो, आत बहुधा रबरात मिसळलेलं साधं चुंबक असतं. ताकद बेताची, पण कान तिखट. नखाचा स्पर्श, बॉडीवर पडलेली टिचकी, बोट तारेवरून घसरल्याची कुजबुज, सगळं अ‍ॅम्पपर्यंत पोचतं. काही फ्रेटवर तार झणझणते. कसलेला गिटारवादक ते आधी घासून काढेल. मला थांबावंसं वाटतं, कारण तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला झणझणाट परका नाही. तिकडे मिरजेचा कारागीर घोडी घासून, जीवेचा दोरा सरकवून मुद्दाम जवारी काढतो. इथे ती आपसूक, वेडीवाकडी येते. एखाद्या स्वरात ती शोभून दिसते, एखाद्यात नाही. शोभणारे स्वर शोधत गेलं, की सवयीच्या चाली सुटतात आणि हात अनोळखी वाटेने जाऊ लागतो.

ही वाट हाउंड डॉग टेलरने केव्हाच दाखवली होती. शिकागोतला हा ब्लूज वादक अशाच स्वस्त जपानी गिटारी वाजवी. साथीला आणखी एक गिटार आणि ड्रम, बेस नाहीच. उंच तारा त्याच्या पथ्यावर पडल्या, कारण बोटात घातलेली स्लाइडची नळी तारेवरून सरकते, तिला तार फ्रेटवर दाबायची नसते. त्याचं वाजवणं रेकॉर्ड करायचंच, या एका ध्यासातून १९७१ मध्ये अ‍ॅलिगेटर रेकॉर्ड्स ही कंपनी उभी राहिली. तो फाटका, भाजणारा आवाज महागड्या गिटारीतून तसाच निघाला असता असं मला वाटत नाही.

पुढे अमेरिकन गिटारवादक राय कूडरने आपल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये टेस्कोचा गोल्ड फॉइल बसवला, आणि हळूहळू या पिकअपना भाव आला. आता कित्येक जुन्या गिटारी केवळ पिकअप काढून घेण्यासाठी फोडल्या जातात. मला याचं दुःख होतं. ती जाडजूड नेक, ती हलकी प्लायवुडची बॉडी, ती डुगडुगणारी घोडी, सगळ्यांनी मिळून तो आवाज होतो.

म्हणून मी त्या अख्ख्या ठेवतो आणि वाजत्या ठेवतो. खरखरणारे पॉट साफ करतो, सुटलेली वायर पुन्हा सोल्डर करतो, नेकच्या सांध्यात पातळ तुकडा सारून तारा बोटांच्या आवाक्यात आणतो. टोकियोच्या निशिकासाई भागातल्या ओळखीच्या मराठी घरांत कुणा मुलाला गिटार शिकायची हौस आली, की यातलीच एक मी त्याच्या हाती देतो. खरी गिटार परवडत नसलेल्या पोरांसाठीच ती घडवली गेली होती. पहिला सूर काढणाऱ्या हातात ती अजूनही सगळ्यात जास्त शोभते.