जीर्णोद्धार

जीर्णोद्धार या शब्दाविषयी माझे मन पूर्वीपासूनच साशंक आहे. आमच्या गावच्या महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा काळ्या दगडी खांबांवर पिवळा ऑइलपेंट चढला, गाभाऱ्यात स्नानगृहास शोभतील अशा फरश्या आल्या, आणि ज्या भाविकांनी या पुण्यकर्मास वर्गणी दिली त्यांची नावे देवाच्या नावाहून ठसठशीत अक्षरांत संगमरवरी शिळेवर झळकली. देऊळ तेवढे दिसेनासे झाले. म्हणून पुण्यातल्या माझ्या घरामागील पत्र्याच्या छपरीकडे बोट दाखवून माझे प्राध्यापक-मित्र जेव्हा ‘काय, जीर्णोद्धार कुठवर आला?’ असे थट्टेने विचारतात, तेव्हा त्या थट्टेची बोच मला त्यांच्या कल्पनेहून अधिक लागते.

छपरीत एक जीपगाडी आहे. तीन वर्षे झाली, ती ठोकळ्यांवर उभी आहे आणि तिचे निम्मे अवयव डब्यांत आहेत.

गाडी महायुद्धातली. अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी तातडीने हवी होती. १९४० च्या जुलैत कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने बँटम नावाच्या लहानशा कंपनीसाठी अवघ्या काही दिवसांत तिचे आराखडे काढले, आणि २३ सप्टेंबर रोजी हाताने घडविलेली पहिली गाडी सैन्याच्या स्वाधीन झाली. कल्पना बँटमची, परंतु मागणीचा मोठा वाटा विलिज आणि फोर्ड यांजकडे गेला, आणि १९४५ पर्यंत त्या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बाहेर काढल्या. कल्पकाच्या पदरी काय पडते याविषयी येथे दोन शब्द लिहिण्याचा मोह होतो. पण तो आवरतो. युद्ध संपल्यावर या देशात उरलेल्या पुष्कळ गाड्या लिलावात निघाल्या. त्यांतलीच एक सोलापूरच्या एका कंत्राटदाराकडून माझ्या वडिलांनी १९६१ साली विकत घेतली.

वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, मंगळवेढ्यास डॉक्टर होते. मंगळवेढ्याची काळी जमीन ज्वारीसाठी प्रसिद्ध आहे. पावसाळ्यात चाक धरून ठेवण्यासाठी ती तितकीच प्रसिद्ध असावयास हवी. एक चांगला पाऊस झाला की बैलगाडीची चाके आखापर्यंत रुतत आणि वाड्यावस्त्या जगापासून तुटत. अशा चिखलात अण्णा गिअरच्या दांड्याशेजारच्या दोन आखूड दांड्या ओढीत. एकीने पुढचा आस इंजिनाशी जोडला जाई. दुसरीने वेग निम्म्यावर येई आणि जोर तितकाच वाढे. मग ती साठ अश्वशक्तीची गाडी गुरगुरत, पण बैलाच्या चालीने, वस्तीच्या दाराशी पोचे.

ती सोडवावयास घेतली, तेव्हा तिचे ‘मूळ रूप’ परत आणावयाचे, एवढे एकच ध्येय माझ्यापुढे होते. प्रथम रंग खरवडला. वर अण्णांचा पांढरा, त्याखाली कंत्राटदाराचा निळा, त्याखाली कुणाचा तरी राखी, आणि सर्वांच्या तळाशी सैन्याचा मळकट हिरवा. सप्तशृंगीच्या देवीवरील शेंदराचे कवच २०२२ साली उतरविले, तेव्हा आतले रूप पाहून भाविकांना जे वाटले असेल त्याचा अल्पसा अंश मला त्या हिरव्या रंगाच्या दर्शनाने लाभला. परंतु हा आनंद फार टिकला नाही. चॅसीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा निघाला. ही विलिजची खूण, कारण फोर्डचा दांडा चौकोनी असे. आणि त्याच चॅसीवर जे बोल्ट होते त्यांतल्या कित्येकांच्या माथ्यावर फोर्डचे इंग्रजी ‘एफ’ अक्षर! दोन्ही कारखान्यांचे भाग एकमेकांस बसावेत अशीच योजना असल्यामुळे सैन्याच्या दुरुस्तीशाळांत हाताला लागेल तो भाग चढविला जात असे. म्हणजे ज्या मूळ रूपाच्या शोधात मी तळापर्यंत गेलो, ते रूप अण्णांच्या कित्येक वर्षे आधीच सरमिसळ झालेले होते.

इंजिनाचे काम त्या मानाने सरळ, आणि मला सर्वांत प्रिय. या इंजिनाचे आठही व्हॉल्व्ह डोक्यात नसून पोटात, म्हणजे ब्लॉकमध्ये, असतात. त्यांना पेस्ट लावून, टोकाशी रबरी चोखणी असलेली काठी दोन तळहातांत धरून, रवी घुसळावी तसे घुसळावयाचे. व्हॉल्व्हच्या कडेवर सलग राखी वर्तुळ उमटले की तो बसला. एका व्हॉल्व्हला मला एक संध्याकाळ लागे. शंभर उत्तरपत्रिका तपासूनही जे समाधान मिळत नाही ते त्या एका वर्तुळाने दिले, हे मी विद्यापीठाची क्षमा मागून नमूद करतो.

खरा पेच पुढे आला. जीपच्या तळाच्या पत्र्याखाली टोपीच्या आकाराच्या पोकळ पट्ट्या असतात आणि बळकटीसाठी त्यांत लाकूड भरलेले असते. ते पाणी धरते, कुजते, आणि भोवतीचा पत्रा खाते. जगभरच्या जुन्या जीपगाड्यांचा हा रोग आहे. आमच्या गाडीतले अमेरिकन लाकूड केव्हाच गेलेले होते. त्या जागी निघाली बाभूळ. गावात बैलगाड्या करणाऱ्या सुताराने तासून, तेल पाजून ठोकलेली, आणि अजून टणक. तळाच्या पत्र्याला आठ भोके होती. रुग्णाची बाज बांधण्याचे पट्टे त्यांतून ओवीत. टपाच्या मधल्या कमानीला एक लोखंडी आकडा जोडलेला होता. तो सलाइनच्या बाटलीचा. आणि मूळची सहा व्होल्टची विद्युत्‌योजना काढून मिस्त्रीने बारा व्होल्टची केली होती. जाणकार हा बदल पाहून नाक मुरडतात. आईने मला त्याचे कारण सांगितले. ज्या वस्त्यांवर वीज नव्हती तेथे रात्रीच्या बाळंतपणाला अण्णा गाडी झोपडीच्या दाराशी आणून तिचे तोंड आत करीत आणि दिवे लावीत. सहा व्होल्टचा उजेड त्या कामाला पुरेना.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. मोटार वाहनांच्या केंद्रीय नियमांत २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली असेल, तर तिला ‘व्हिंटेज’ म्हणून दहा वर्षांची नोंदणी मिळते. शुल्क वीस हजार. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरती ती रस्त्यावर आणता येते. माझ्या मुलाला ही नोंदणी हवी आहे. ‘बाबा, भोके बुजवू, लाकूड काढू, डबवालीहून नवा टबच मागवू, बॉनेटवर पांढरा तारा काढला की काम झाले,’ असे तो म्हणतो. तो चुकत नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीत जीपगाड्यांचा बाजार मोठा आहे, आणि नव्या पत्र्याची १९४४ सालची गाडी मिळविणे आज अवघड नाही. परंतु त्या गाडीत कोण बसले होते? एखादा अमेरिकन सैनिक, वर्ष-दोन वर्षे. अण्णा तिच्यात एकतीस वर्षे बसले.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली व ती १९६६ साली पुरी झाली. व्यासांच्या हातची पोथी आपणांस सापडली, असा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जेवढे मागे जाता येईल तेवढे जावयाचे, आणि जे वगळले ते तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेवावयाचे, ही त्यांची रीत. मलाही काही दिवस वाटले की बाभळीला परिशिष्टात, म्हणजे एखाद्या पेटीत, चिठी लावून ठेवावे. पण पोथी वाचणाराला तळटीप त्याच पानावर दिसते. पेटीतली बाभूळ कुणाला दिसणार? शिवाय अण्णांचे फेरफार हे प्रक्षेप म्हणावयास माझी जीभ रेटत नाही. प्रक्षेपकार ग्रंथाला भूषविण्यासाठी लिहितो. या आठ भोकांत भूषण कसले?

तेव्हा सध्याची स्थिती अशी. कार्बुरेटर मूळ जातीचा, कार्टरचा, मिळाला. तो बसविला, कारण आधीचा नुसताच स्वस्त होता. ब्रेकच्या नळ्या सर्व नव्या, कारण तेथे इतिहासाला थारा देणे वेडेपणाचे होईल. दिवे बारा व्होल्टचेच राहतील. एक बाभळीची पट्टी टोकाशी किडली होती, ती काढून नवीही बाभळीचीच घातली. शहरात ती मिळविण्यास डबवालीच्या टबाहून अधिक खटपट पडली. भोके उघडी आहेत. नोंदणीचा अर्ज टेबलावर कोरा पडून आहे, आणि त्यावरून घरात आठवड्यातून एकदा तरी वाद होतो. मुलगा आता तडजोडीवर आला आहे: आकडा ठेवा, पण रंग तरी हिरवा द्या. आईला ते मान्य नाही. हिरवी गाडी तिने कधी पाहिलेलीच नाही. उजव्या मडगार्डावरचा पांढरा थर मी अजून खरवडलेला नाही. पावसाळा संपेपर्यंत त्याला हात लावावयाचा नाही, एवढे मात्र तिघांच्या संमतीने ठरले आहे.