चेंबर, खड्डा आणि आमचा 'दणका'

महिनाभर माझ्या गाडीखाली रोज सकाळी रुपयाएवढा काळा डाग दिसायचा. बसस्टँडजवळच्या खड्ड्यात गाडी आदळली, खालून दगड लागला आणि ऑईल चेंबर गळायला लागला. दोनदा बाहेरूनच सिलिकॉन फासून घेतलं. स्वस्तात काम झालं म्हणून मीही खुश. आठ दिवसांत डाग परत हजर.

तिसऱ्या वेळी मिस्त्री म्हणाला, "साहेब, तेलावर सिलिकॉन धरत नाही. खोलावंच लागेल."

रविवारी खोललं. मी शेजारी स्टुलावर. आधी ड्रेन बोल्ट काढून सगळं ऑईल टबात सोडलं, मग चेंबरचे बोल्ट. कडा घट्ट चिकटलेल्या, पण त्याने स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलं नाही. पत्रा वाकला की गळती कायमची. पातळ पट्टी आणि रबरी हातोडीने हळूहळू सोडवलं. तळाशी काळा चिकट गाळ. चेंबर धुतला, जाळी धुतली, जुनं सिलिकॉन खरवडलं, वाकलेली कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून सरळ केली. इंजिनाची खालची कडही पुसली. वरून थेंब थेंब ऑईल उतरत होतं, ते बंद होईपर्यंत थांबला. शेवटी कडेवरून बोट फिरवलं. कोरडं लागलं, तेव्हाच सिलिकॉनची बारीक रेघ ओढली. जास्त लावलं तर आत सुटून जाळीत अडकतं, म्हणे. बोल्ट समोरासमोरचे धरून आवळले, ड्रेन बोल्टला नवा वायसर टाकला. ऑईल दुसऱ्या दिवशी भरलं.

साफसफाईला अडीच तास, सिलिकॉनला पाच मिनिटं. आज ९ दिवस झाले, गाडीखालचा पुठ्ठा कोरडा आहे.

आता त्या खड्ड्याचं. जुलैत मीच बातमी केली होती. दोन दिवसांत खड्डा बुजवला आणि आम्ही फोटोसह छापलं, 'बातमीचा दणका'! बुजवताना मी तिथेच उभा होतो. भर पावसात, पाणी साचलेल्या खड्ड्यात डांबरी खडी ओतली, फावड्याने थापटली, झालं. खरी पद्धत काय? खड्डा चौकोनी कापायचा, सुटी खडी-माती काढायची, झाडून कोरडा करायचा, डांबराचा हात मारायचा, मग माल भरून दाबायचा. तिथे कुणाच्या हातात साधा झाडूही नव्हता. मी डोळ्यांनी पाहिलं, पण लिहिलं नाही. आपला 'इफेक्ट' झाला होता ना!

पंधरा दिवसांत खडी रस्त्यावर आली. गेल्या आठवड्यात तिथेच दूध घालणारा एक पोरगा घसरला, मनगट मोडलं. दणका त्याला बसला.

उद्या माहिती अधिकारात त्या कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागतोय. २००५ च्या कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं की इथेच टाकतो.

तुमच्या गल्लीत खड्डा बुजवायला आले तर फोटो नक्की काढा. पण बुजवल्यावर नको, माल टाकायच्या आधी काढा.