बर्फाची आगोट

कोंकणांत ज्यांचें बाळपण गेलें आहे त्यांना आगोट म्हणजे काय हें सांगावयास नको. वैशाखांत कौलें परतून घ्यावयाचीं, लांकडें पडवींत रचावयाचीं, मीठमिरची भरून ठेवावयाची. एकदां मृग लागला कीं मग धांवाधांव करून उपयोग नाहीं. असलीच एक आगोट आम्हीं गेल्या ऑगस्टांत अमेरिकेंतील बफलो शहरीं पाहिली. ती होती बर्फाची.

न्यूयॉर्क राज्यांतील हें शहर ईरी सरोवराच्या पूर्व टोंकास वसलेलें आहे. हिंवाळ्याच्या आरंभीं सरोवराच्या पाण्यांत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. त्याच्या लांबीवरून पश्चिमेचा गार वारा वाहूं लागला म्हणजे तो वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर येऊन बर्फाच्या रूपानें टाकतो. सरोवर गोठलें कीं हा पुरवठा बराच आटतो. वर्षाकांठीं येथें सरासरीनें सुमारें 95 इंच बर्फ पडतो. परंतु सरासरीवर भिस्त ठेवणारा येथें फसतो. नोव्हेंबर 2022 मध्यें शहराच्या दक्षिणेस ऑर्चर्ड पार्क येथें तीनचार दिवसांत सुमारें 80 इंच बर्फ पडला आणि तेथील फुटबॉलचा सामना डेट्रॉइटला न्यावा लागला. उत्तरेस थोड्याच मैलांवर त्या मानानें फारच थोडा पडला. पुढें महिन्याभरानें, नाताळच्या सुमारास, जें हिमवादळ झालें त्यांत या एका जिल्ह्यांत चाळिसांहून अधिक माणसें दगावलीं.

आमचा भाचा तेथें दंतवैद्य आहे. दवाखान्यापुढें पंधरावीस मोटारी मावतील एवढें आवार आहे. असल्या आवारांतील बर्फ काढण्याचें काम कंत्राटदार करतात; मोटारीच्या पुढें रुंद लोखंडी पातें लावून ते बर्फ एका बाजूस ढकलतात. तीन वर्षांमागें भाच्यानें हें काम नोव्हेंबरांत, पहिला बर्फ पडून गेल्यावर, जो सर्वांत स्वस्त मिळाला त्यास दिलें. कागद नीट वाचला नाहीं. चार इंच बर्फ सांचल्यावांचून गाडी यावयाची नाहीं, असें त्यांत लिहिलेलें होतें. एके दिवशीं तीन इंच पडला, दुपारच्या उन्हानें थोडा विरघळला आणि रात्रीं त्याची कांच झाली. सकाळीं सत्तरी उलटलेल्या एक बाई दारापासून दहा पावलांवर घसरल्या व त्यांचें खुब्याचें हाड मोडलें. कंत्राटदारानें कागद पुढें केला. कागदाप्रमाणें त्याचें कांहींच चुकलें नव्हतें.

"मामा, मी आंत हात धूत होतों. आवाज ऐकूं आला," एवढेंच भाचा आम्हांस म्हणाला.

तेव्हांपासून तो ऑगस्टांतच कामास लागतो. चांगले कंत्राटदार आपल्या गाड्यांचे फेरे आणि मिठाचा सांठा हिंवाळ्यापूर्वींच ठरवितात. दुकानें उघडण्यापूर्वीं एका गाडीस किती आवारें साफ करतां येतील यास मर्यादा आहे. उशिरां येणाऱ्याचा नंबर शेवटीं लागतो. पैसे ठरविण्याच्या रीती तीन: खेपेगणिक, इंचागणिक, किंवा साऱ्या हंगामाची ठोक रक्कम. भाच्यानें ठोक पत्करली. आम्हांस ती फार वाटली आणि आम्हीं तसें बोलूनही दाखविलें. तो नुसता हंसला.

करार होण्यापूर्वीं नवा कंत्राटदार आवार पाहावयास आला. भर उन्हांत, हातांत नकाशा घेऊन, तो बर्फाचे ढीग कोठें घालावयाचे याच्या खुणा करीत होता. आगीच्या बंबाच्या नळाजवळ ढीग नको, अपंगांच्या जागेवर नको, रस्त्यावरील वाहनें दिसेनाशीं होतील अशा कोपऱ्यावर नको. पूर्वीचा ढीग कोठें असे, असें त्यानें विचारलें. भाच्यानें भिंतीकडची बाजू दाखविली. त्यानें बादलीभर पाणी मागून तेथें ओतलें. पाणी फरशीवरून वळत वळत आलें आणि नेमकें दाराच्या वाटेवर पसरलें. तिघेही क्षणभर त्या ओल्या रेघेकडे पाहत उभे राहिलों. नवा ढीग उतारावर, गटाराच्या तोंडापलीकडे घालण्याचें ठरलें.

मग मिठाची गोष्ट निघाली. बर्फ पडण्यापूर्वीं शंभर भागांत सुमारें 23 भाग मीठ असलेलें पाणी शिंपडलें तर बर्फ फरशीस चिकटत नाहीं व मीठही कमी लागतें. शून्याखालीं 9 अंशांपलीकडे थंडी गेली कीं साध्या मिठाचा जोर ओसरतो. मग कॅल्शियम क्लोराइड लागतें. मीठ मुठीमुठीनें उधळणेंही बरें नव्हे. तें वाहत जाऊन ओढ्यांचें पाणी खारट करतें. गंमत अशी कीं, याच ईरी सरोवराच्या तळाखालीं, क्लीव्हलंडपाशीं, सुमारें 1,800 फूट खोल मिठाची खाण आहे. बर्फ सरोवरावरून येतो आणि त्यावरचा उतारा सरोवराखालून!

कागदावर या वेळीं भाच्यानें स्वतःच्या अक्षरांत एक ओळ घातली: बर्फ पडो वा न पडो, रात्रीं पारा शून्याखालीं गेला तर सकाळीं सातच्या आंत दाराच्या वाटेवर मीठ पडलें पाहिजे. कंत्राटदारानें ती दोनदां वाचली, तेवढ्यासाठीं रक्कम थोडी वाढविली आणि सही केली. फरशीच्या कडा बर्फाखालींही कळाव्या म्हणून रोवावयाच्या नारिंगी काठ्यांची मोळी तो जातांना कोपऱ्यांत ठेवून गेला. जमीन गोठण्यापूर्वीं त्या ठोकावयाच्या आहेत.

त्या बाई आतां काठी घेऊन चालतात. दांतांसाठीं अद्याप आमच्या भाच्याकडेच येतात. त्यांची पुढची पाळी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत होती, सकाळीं साडेआठची. भाच्यानें ती खोडून दुपारीं दोनची केली.